चूर्णाचं उद्यापन

सोळा सोमवार धरले की सतराव्या सोमवारी उद्यापन असतं. चूर्मा होतो, जोडपी जेवायला येतात आणि धरलेलं व्रत रीतसर सुटतं. सत्यनारायणाची उत्तरपूजा होते. गणपती दीड दिवसाचा असो की दहा दिवसांचा, अक्षता टाकून मूर्ती जागची हलवतात आणि मगच घराबाहेर काढतात. धरलेली गोष्ट सोडायची कशी, याचा आपल्याकडे इतका बारीक विचार झालेला असताना रात्री कोमट दुधातून घ्यायच्या चूर्णाला मात्र उद्यापन नाही. त्याला सुरुवात असते, मात्रा असते, अनुपान असतं. शेवट नसतो.

सुरू करून देणारे पुष्कळ. 'हल्ली झोप लागत नाही हो,' एवढं एक वाक्य लग्नाच्या पंगतीत उच्चारून बघा. डावीकडचे काका अश्वगंधा सांगतात, उजवीकडच्या मावशी जटामांसी सांगतात, समोरच्या काकू ब्राह्मीचं तेल आणि काशाच्या वाटीनं तळपाय घासायला सांगतात, आणि मठ्ठा वाढणारा मुलगा वाकल्या वाकल्या 'तगर बघा काका, आमच्या बाबांना फार गुण आला,' असं सांगून पुढच्या पानावर जातो. कुठे मिळेल, दुधातून की तुपातून, जेवणाआधी की नंतर, सगळं तिथल्या तिथे ठरतं. 'किती दिवस घ्यायचं?' असं विचारलं तर मात्र पंगत क्षणभर गप्प होते. मग कुणीतरी म्हणतं, 'घेत राहायचं. आयुर्वेदिकच आहे. काय होतंय?'

आमचे थोरले मेहुणे अशाच एका पंगतीतून चूर्णाला लागले. बँकेत असताना दुपारी तीन वाजता ऑडिटरच्या डोळ्यांदेखत बसल्या बसल्या झोपू शकणारा हा माणूस. निवृत्त झाला आणि रात्री दोन वाजता टक्क जागा राहू लागला. आधी एक चमचा अश्वगंधा चूर्ण आलं. त्याला सोबत म्हणून तगर आणि जटामांसी असलेल्या कॅप्सूलची बाटली आली. बाटलीवर डोळे मिटून बसलेल्या एका सुखी माणसाचं चित्र होतं आणि खाली झोप, ताण, चिंता, थकवा, स्मरणशक्ती अशी यादी होती. बँकेतल्या माणसाला एका खात्यात इतक्या सोयी मिळाल्या तर त्याने खातं का उघडू नये?

गुण आला, हे खरं. पहिल्या काही आठवड्यांत मेहुणे घोरू लागले आणि वहिनी जाग्या राहू लागल्या. त्यांनी भेटेल त्याला चूर्ण सांगितलं. सोसायटीच्या कट्ट्यावरचे निम्मे सभासद त्यांच्यामुळे दूध पिऊ लागले.

अडचण पुढे आली. चिंतेवरच्या औषधाची बाटली संपत आली की चिंता वाटायला लागते, हा या औषधांचा एक गुण बाटलीवर छापलेला नसतो. देवरुखला एका लग्नाला गेलो असताना मेहुण्यांच्या लक्षात आलं, की चूर्णाचा डबा घरी ओट्यावरच राहिला. रात्रीचे दहा वाजून गेलेले, बाहेर मिट्ट काळोख, मेडिकलची शटरं केव्हाच खाली आलेली. मुलीकडच्यांनी एका दुकानदाराला घरून उठवून आणलं. तो बिचारा लेंग्यावर आला, दुकान उघडलं, आणि त्याच्याकडे निघालं फक्त त्रिफळा चूर्ण. मेहुण्यांनी ते घेतलं नाही, हे वऱ्हाडाचं नशीब. पण त्या रात्री त्यांनी अंगणात ज्या फेऱ्या घातल्या त्या बघून वहिनींनी ठरवलं, की हे आता सुटलं पाहिजे.

सोडण्याबाबत आपल्या समाजात दोन पंथ आहेत. एक झटका पंथ आणि दुसरा अखंड पंथ.

झटका पंथाचे लोक पाडव्याला किंवा एक जानेवारीला जाहीर करतात, 'आजपासून बंद!' डबा शेजाऱ्याला देऊन टाकतात. पहिल्या रात्री अभिमानानं जागतात, दुसऱ्या रात्री रागानं जागतात, तिसऱ्या रात्री शेजाऱ्याचं दार वाजवून डबा परत मागतात. वर निष्कर्ष काढतात, 'बघा, चूर्णाशिवाय मला झोपच नाही.' खरी गोष्ट वेगळी असते. झोपेसाठी घेतलेली वस्तू, मग ती गोळी असो की मुळी, रोज मिळू लागली की शरीर तिला गृहीत धरू शकतं. मग ती एकाएकी बंद झाली, तर झोप मूळच्यापेक्षाही जास्त काही रात्री विस्कटू शकते. डॉक्टर याला रिबाउंड म्हणतात. ते काही रात्रींचं असतं आणि ओसरतं. झटका पंथी नेमका त्याच रात्री निकाल लावून मोकळा होतो.

आता इथे तारतम्य हवं. अश्वगंधेसारखी मुळी नेहमीच्या मात्रेत घेणाऱ्या माणसाने ती सोडली म्हणून आभाळ कोसळत नाही. झालीच तर झोप थोडी चाळवते, चिडचिड होते, एवढंच. पण मात्रा मोठी असेल, वर्षानुवर्षांची असेल, आणि तगरीसारखी मेंदूतल्या शांत करणाऱ्या यंत्रणेला हात घालणारी वस्तू त्यात असेल, तर झटका देण्यात शौर्य नाही.

अखंड पंथाचं घोषवाक्य 'आयुर्वेदिक आहे, काही होत नाही' हे आहे. मी या वाक्यावर पुष्कळ विचार केला आहे. ज्याने काही होत नाही, त्याने झोप तरी कशी येते? झोप येते म्हणजे काहीतरी होतंय. आणि काहीतरी होत असेल, तर ते आपल्याला हवं तेवढंच आणि हवं तिथेच होईल, अशी हमी त्या मुळीने कुणाला दिली?

सर्पगंधेचं उदाहरण तर आपल्या मुंबईचंच आहे. झोपेसाठी आणि डोकं शांत व्हावं म्हणून ही मुळी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या देत आले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन पाहिली आणि १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये त्यावर लेख लिहिला. जग खडबडून जागं झालं. झोपेच्या मुळीने जग जागं व्हावं, हीही एक गंमतच. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रेसरपिन वेगळं काढलं, आणि रक्तदाबावर ते जगभर वापरलं जाऊ लागलं. पुढे काही रुग्ण त्याने उदास होतात अशा तक्रारी आल्या आणि डॉक्टर जपून वागू लागले. मुळी तीच, आपल्या मातीतली, साधीसुधी.

हे सगळं मी मेहुण्यांना सांगितलं. ते म्हणाले, 'ती सर्पगंधा. माझी अश्वगंधा आहे.' मग मी डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधेवरच बंदी घातल्याचं सांगितलं, थायरॉइडवर आणि इतर संप्रेरकांवर परिणाम होण्याची भीती त्यांना वाटली म्हणून. मेहुणे बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, 'ज्या देशात चिंच मिळत नाही त्याने मला अश्वगंधा शिकवायची?' यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. डेन्मार्कचा निर्णय फार ताणलेला आहे, असं म्हणणारे जाणकारही आहेत, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. पण आइसलंड आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०२० मध्ये अश्वगंधेच्या गोळ्या घेणाऱ्या पाच जणांना कावीळ झाल्याची नोंद केली, ती चिंचेच्या मुद्द्यावर फेटाळता येत नाही. असं क्वचित होतं. पण होतं.

शेवटी वहिनी त्यांना वैद्यांकडे घेऊन गेल्या. वैद्य म्हणजे पांढरी दाढी आणि खल-बत्ता अशी अपेक्षा धरून मेहुणे गेले होते. समोर बसली होती तिशीतली एक मुलगी, बीएएमएस, पुढे एमडी, टेबलावर रक्तदाबाचं यंत्र आणि शेजारी लॅपटॉप. मीही बरोबर होतो.

'काय त्रास होतो काका?'

'त्रास नाही. चूर्ण सोडायचंय.'

तिने लिहिता लिहिता मान वर केली. 'सुरू करायचंय असं सांगायला रोज माणसं येतात,' ती म्हणाली. 'सोडायचंय म्हणून तुम्ही आलात. चहा घेणार?'

चहाचं तिने सहज विचारलं असावं, पण पुढे त्या चहालाच फार महत्त्व आलं. आधी तिने बाकीचं विचारलं. थायरॉइडची गोळी आहे का? साखरेची? रक्तदाबाची? झोपेची इंग्रजी गोळी कधी घेतली का, अजून मध्येच घेता का? दारू? शेवटच्या प्रश्नाला मेहुण्यांनी वहिनींकडे बघून उत्तर दिलं. यातलं काहीही असेल तर हिशोब बदलतो, असं ती म्हणाली. अश्वगंधा थायरॉइडची पातळी वर नेऊ शकते, साखर आणि रक्तदाब खाली आणू शकते. चूर्ण चालू असताना बसवलेला गोळीचा डोस चूर्ण गेल्यावर कमी-जास्त करावा लागतो. म्हणून ज्यांनी ती गोळी दिली त्या डॉक्टरांनाही सांगायचं. आणि अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम अशा नावाची गोळी कुणी घेत असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करायचीच नाही. ती एकाएकी थांबवली तर फिट येऊ शकते. ती ज्यांनी लिहून दिली, त्यांनीच ती उतरवायची.

मग तिने जे सांगितलं त्याने माझी उद्यापनाची तक्रार मोडीत निघाली. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात सोडण्याची रीत दिलेली आहे. जडलेली अपथ्याची सवय एकदम टाकू नये, चौथा-चौथा हिस्सा कमी करत जावं, मध्ये काही दिवसांचं अंतर ठेवावं, आणि ती जागा चांगल्या सवयीने तशाच टप्प्यांनी भरावी. याला पादांशिक क्रम म्हणतात. वाग्भटानेही अष्टांगहृदयात तेच सांगितलं आहे. म्हणजे ज्या आयुर्वेदाच्या नावावर 'घेत राहायचं' असं पंगतीत सांगतात, त्या आयुर्वेदात 'असं सोडायचं' हे केव्हाच लिहून ठेवलेलं आहे. पंगतीतल्या एकानेही ते वाचलेलं नसतं, कारण ते बाटलीवर छापत नाहीत. कुठल्या बाटलीवाल्याने आपल्या बाटलीवर ती कशी सोडावी हे छापलंय?

'ग्रंथात अंतर थोड्या दिवसांचं आहे,' ती म्हणाली, 'पण तुमचं चूर्ण बरेच महिने चाललंय. आपण एकेका पायरीवर आठवडा-दोन आठवडे थांबू. आणि दोन्ही एकदम नाही. आधी कॅप्सूल, मग चूर्ण. नाहीतर त्रास झाला तर कशामुळे झाला ते कळणार नाही.'

'म्हणजे हप्त्याहप्त्याने कर्ज फेडायचं,' मेहुणे म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर उजेड दिसला.

घरी आल्यावर प्रश्न उभा राहिला, की चौथा हिस्सा कशाचा? वहिनींचा एक चमचा म्हणजे शिगोशीग भरलेला, वर डोंगर असलेला चमचा. मेहुणे स्वतः घेत तेव्हा तो सपाट असे, आणि पाहुणे असले की घाईत अर्धा. म्हणजे आजवर रोजची मात्रा नक्की किती, हे कुणालाच सांगता येईना. बँकेतल्या माणसाच्या घरात ही परिस्थिती! मुलीने केक करण्यासाठी घेतलेला इलेक्ट्रॉनिक काटा माळ्यावरून काढला. तो एक ग्रॅमच्या खाली दाखवेना. डोंगरवाला चमचा तीन ते चार ग्रॅमांत झुलत राहिला. मेहुणे म्हणाले, 'अशा काट्यावर आम्ही सोनं तारण घेतलं असतं तर बँक बुडाली असती.'

कॅप्सूलची तऱ्हा आणखी निराळी. चूर्ण म्हणजे मुळी दळलेली. कॅप्सूलमध्ये बहुधा मुळीचा अर्क असतो, घट्ट केलेला. त्यामुळे पाचशे मिलीग्रॅमची कॅप्सूल म्हणजे अर्धा ग्रॅम चूर्ण, असा हिशोब लावणारे फसतात. ती कित्येक ग्रॅम मुळीच्या बरोबरीची असू शकते. शिवाय कॅप्सूल कापता येत नाही. मेहुण्यांनी ती उघडली. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, चष्मा लावला, दोन्ही टोकं हलकेच ओढली, आणि त्याच वेळी वहिनींनी पंखा लावला.

तगरीचा वास ज्यांनी घेतला नाही त्यांनी तो घेऊ नये. पावसाळ्यात दोन दिवस बुटात राहिलेल्या मोज्यांची आठवण होते. या कुळातल्या मुळ्यांचा वास मांजरांना मात्र वेड लावतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. खालच्या मजल्यावरचा बोका, एरवी या घराकडे ढुंकून न बघणारा, खिडकीच्या गजांतून आत आला, टेबलावर चढला आणि अर्थपुरवणीवर लोळू लागला. त्याला हाकलायला अर्धा तास लागला. वैद्यांना फोन केला तेव्हा त्या आधी पोटभर हसल्या. मग म्हणाल्या, 'कॅप्सूल उघडू नका. रोज दोन घेत होतात ना, आता एक घ्या. मग एक दिवसाआड.' कागदावर किती सोपं!

हे सगळं सासूबाई पलंगावरून बघत होत्या. त्यांनी नव्वदी गाठली आहे आणि त्या अजून विनाचूर्ण झोपतात. त्यांनी सहाण मागवली. 'तुम्हाला सगळ्यांना मी याच्यावर वाढवलंय,' त्या म्हणाल्या. 'बाळगुटीला काटा नव्हता लागत. पोर रडकं असलं तर जायफळाचा एक वेढा जास्त. पेंगायला लागलं की वेढा कमी. दात आले, रांगायला लागलं, की एकेक मुळी काढून टाकायची. पोराला कळायचंसुद्धा नाही कधी सुटली ते.' आम्ही सगळे गप्प झालो. मात्रा चढवणं, उतरवणं, लक्षण बघून एक पायरी मागे येणं, सगळं त्या काळ्या दगडावर चालू होतं. (इथे एक सांगितलं पाहिजे. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका, असं आजचे बालरोगतज्ज्ञ सांगतात आणि ते बरोबर आहे. जायफळही वाटतं तितकं गरीब नाही. पुरणपोळीत शोभतं तेवढंच घ्यावं. जास्त झालं तर छाती धडधडते, गरगरतं, नाही ते दिसतं. तेव्हा चूर्ण सोडून जायफळावर येऊ नये.)

चूर्णाचा प्रश्न अखेर वहिनींनी सोडवला. महिन्याचं सामान मोजून देणाऱ्या किराणा दुकानदाराकडून त्यांनी आठवड्याच्या पुड्या बांधून आणल्या, सात पूर्ण, सात पाऊण, सात अर्ध्या, सात पाव, प्रत्येकीवर बॉलपेनने तारीख. मेहुण्यांनी एक जुनी लेजर वही काढली आणि तिच्यात रकाने आखले: तारीख, मात्रा, अंथरुणावर, झोप लागली, जाग, शेरा. मी ती वही वाचली आहे. मराठीत इतकं प्रामाणिक आत्मचरित्र थोडंच असेल. 'मात्रा पाऊण. जाग २.१०. शेरा: कुत्री भुंकली. मात्रेचा दोष नाही.' 'मात्रा पाऊण. जाग नाही. शेरा: विश्वास बसत नाही.' 'मात्रा अर्धी. जाग १.३०, ३.००, ४.१५. शेरा: सोसायटीची सर्वसाधारण सभा. चेअरमन.' आणि एका पानावर फक्त, 'चिडचिड. हिने सांगितलं.'

अर्ध्या मात्रेच्या आठवड्यात पंगत परत गोळा झाली. कुणी म्हणालं डोळे खोल गेलेत, कुणी म्हणालं वयाला एवढा ताप कशाला, घ्या परत. हा आठवडा बहुतेकांचा घात करतो. वैद्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की चार वाईट रात्री मोजायच्या नाहीत. अगदीच असह्य झालं तर एक पायरी मागे यायचं, तिथे थोडं थांबायचं आणि परत उतरायचं. चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायचं नाही. हेही सांगितलं होतं, की लग्नसराई, दिवाळी किंवा घरात रंगकाम निघालं असताना सोडायला सुरुवातच करायची नाही. मेहुण्यांनी सोसायटीच्या सभेचा मोसम निवडला होता, तरीही ते टिकले, याचं श्रेय मी लेजरला देतो. बँकेचा माणूस काहीही सहन करेल, पण अर्धवट राहिलेला ताळेबंद सहन करणार नाही.

त्या वहीनेच खरा चोर पकडला. पुढच्या भेटीत वैद्यांनी रकाने चाळले आणि विचारलं, 'काका, संध्याकाळी काय करता?' कट्टा. 'कट्ट्यावर काय?' चहा. किती वाजता? साडेसहा, आणि कुणी उशिरा आलं तर त्याच्याबरोबर साडेसात. चहातल्या कॅफिनचा निम्मा भाग अंगातून जायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे संध्याकाळी दोन कप चहा, रात्री दहाला चूर्ण, मग आत दोघांची कुस्ती, आणि पंच म्हणून मेहुणे जागे. त्यावर दुपारची दीड तासाची झोप. ती कमी करा म्हटल्यावर मेहुण्यांनी चरकच पुढे केला, ज्या अध्यायात सोडायची रीत सांगितली त्याच अध्यायात आलेली झोप अडवू नये असंही लिहिलंय, असं म्हणाले. त्यांनी मधल्या काळात सार्थ चरक आणून वाचला होता. वैद्य म्हणाल्या, दिवसा झोपणं उन्हाळा सोडून बऱ्याच जणांना वर्ज्य आहे, एकविसावा अध्याय बघा. मेहुणे म्हणाले, त्याच अध्यायात वृद्धांना सूट आहे. केसांना नियमाने कलप लावणाऱ्या आणि रिक्षावाल्याने आजोबा म्हटलं तर मीटरवरून भांडण काढणाऱ्या माणसाने झोपेसाठी वार्धक्य कबूल केलं. वीस मिनिटांवर तडजोड झाली.

त्या अध्यायात झोप येण्याचे उपायही आहेत: अभ्यंग, स्नान, भात, दूध, सुगंध, मनाला आवडेल असं काही. म्हशीच्या दुधाची शिफारस चरकाने दुसरीकडे केली आहे. त्या उपायांच्या यादीत मद्यही आहे, हे मेहुण्यांनी पेन्सिलने खूण करून ठेवलं होतं. वैद्यांनी ती खूण पाहिली. म्हणाल्या, 'चूर्णाबरोबर नाही, चूर्ण सोडताना नाही, आणि नंतरही चरकाचं नाव पुढे करून नाही.' वहिनींनी ही वैद्य कायमची धरली.

मेहुण्यांचं सुटलं. चहा पाचच्या आत आला, उठायची वेळ रात्र कशीही गेली तरी एकच ठरली, आणि तळपायाला काशाची वाटी लागली. अजूनही अधूनमधून ते दोनला जागे होतात. आता ते त्याला रोग म्हणत नाहीत, जाग म्हणतात.

सगळ्यांनी असं पायरीपायरीने सोडावं, असं मात्र मी म्हणणार नाही. डोळे पिवळे दिसू लागले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, अन्नावरची वासना गेली, तर पाव-अर्धा काही न बघता त्या क्षणी बंद करायचं आणि डॉक्टर गाठायचा. बाईला दिवस गेले असतील तर चूर्णाचं नाव त्याच दिवशी डॉक्टरला सांगायचं. आणि जत्रेत किंवा कुणा बाबाकडे मिळालेली, नाव-गाव नसलेली पुडी असेल, पहिल्याच रात्री दगडासारखी झोप लागली असेल, तर आनंदी होण्याआधी शंका घ्यावी. अशा 'वनस्पतिजन्य' पुड्यांत इंग्रजी औषधं मिसळलेली सापडतात. त्यात काय आहे तेच माहीत नाही, तर चौथा हिस्सा कशाचा काढणार? ती पुडी घेऊनच डॉक्टरकडे जावं.

राहिला दवाखान्याचा फॉर्म. ऑपरेशनच्या आधी एक तरुण डॉक्टर किंवा सिस्टर येऊन विचारतात, कुठली औषधं चालू आहेत? आपली माणसं रक्तदाबाची गोळी सांगतात, साखरेची सांगतात, आणि 'आणखी काही?' विचारलं की ठामपणे नाही म्हणतात. चूर्ण हे औषध थोडंच आहे? १९९८ मध्ये अमेरिकेतल्या 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात एका ५८ वर्षांच्या माणसाची हकीकत छापून आली. तगरीची युरोपातली बहीण म्हणजे व्हॅलेरियन. हा गृहस्थ वर्षानुवर्षं तिचा अर्क मोठ्या मात्रेत, दिवसातून अनेकदा घेत होता. शस्त्रक्रियेनंतर त्याला भ्रम झाला, हृदयावर ताण आला. व्हॅलेरियन एकाएकी बंद पडल्याने हे झालं असावं, असा डॉक्टरांना संशय आला. इतर औषधंही चालू असल्याने त्यांना खात्रीने सांगता आलं नाही, पण झोपेच्या गोळ्यांच्या कुळातलं औषध दिल्यावर तो सावरू लागला. त्या माणसालाही कुणीतरी सांगितलंच असणार, की झाडपाल्याने काही होत नाही. तेव्हा भूलतज्ज्ञ विचारतील तेव्हा चूर्णाचं, काढ्याचं, कॅप्सूलचं नाव सांगा. नाव आठवत नसेल तर बाटली पिशवीत घालून न्या. आणि हे ऑपरेशनच्या आदल्या रात्री नव्हे, तारीख ठरते त्याच दिवशी सांगा. सावकाश सोडायचं तर निदान काही आठवडे हाताशी लागतात.